समुद्राजवळच्या पत्र्याच्या कचराकुंड्यांना कुठलं कोटिंग टिकेल?

वाडीतली_ताई

नमस्कार मंडळी, आमची वाडी गुहागर तालुक्यात आहे, घरं संपली की रस्ता, रस्ता ओलांडला की सुरूची झाडं आणि मग सरळ वाळू. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत पर्यटक भरपूर येतात, बाटल्या, वेफरची पाकिटं, शहाळी सगळं तिथंच टाकून जातात. यंदा मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढून दिलीय आणि रस्त्याच्या कडेला आणि देवळाच्या आवारात पत्र्याच्या कुंड्या बसवायचं ठरलंय, जोडीनं, ओल्याला हिरवी सुक्याला निळी, वर बिजागरीचं झाकण. प्लास्टिकच्या का नाही असं कुणीतरी विचारणार म्हणून आधीच सांगते, गुरं आडव्या पाडतात, माकडं झाकण उचकटतात आणि उन्हानं त्या ठिसूळ होऊन तडकतात, हे सगळं करून झालंय.

मागच्या वेळी ज्या पत्र्याच्या कुंड्या बसवल्या होत्या त्यांना रेड ऑक्साइड (गंज रोखायचा लाल प्रायमर) मारून वर ऑइल पेंट होता, दुसऱ्या पावसाळ्यात बूडच गळून पडलं. वरून रंग बरा दिसत होता आणि खाली चाळण झालेली. आता फॅब्रिकेटरनं चार पर्याय दिलेत. एमएस (साधं लोखंड) पत्रा आणि ऑइल पेंट, एमएस पत्रा आणि पावडर कोटिंग (रंगाची कोरडी भुकटी मारून भट्टीत वितळवलेला थर), जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा आणि पावडर कोटिंग, आणि चौथा स्टेनलेस स्टील. स्टीलचा भाव पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट आहे आणि तो म्हणतो की एकदा स्टील घ्या, आयुष्यभर बघायला नको. लोकांच्या वर्गणीचे पैसे आहेत त्यामुळे परत दोन वर्षांनी हात पसरायची माझी इच्छा नाही. कुणी या धंद्यातलं असेल तर नीट समजावून सांगा, आमच्या हवेत यातलं खरंच काय टिकतं?

---

पावडरवाला_भोसरी

ताई, मी पावडर कोटिंगचंच काम करतो, आणि तरी सांगतो की तुमच्या जागेला एमएसवर नुसतं पावडर कोटिंग करून घेऊ नका. कारण असं की पावडर कोटिंग म्हणजे ६० ते ८० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एक बंद पापुद्रा, तो जोवर अखंड आहे तोवर आत काही होत नाही, पण एकदा कुठं दगड लागला, घंटागाडीवाल्यानं आपटलं, साखळी घासली की तिथून खारं पाणी आत शिरतं आणि पापुद्र्याच्या खालून गंज सरकत जातो. बाहेरून फुगे दिसतात, नखानं उचकटलं की अख्खा पट्टा सुटून येतो. पुण्यात याला वेळ लागतो, किनाऱ्यावर नाही लागत.

आता कोटिंग करणाऱ्याला काय विचारायचं ते सांगतो. पहिलं म्हणजे पावडर कुठली. इपॉक्सी किंवा इपॉक्सी-पॉलिएस्टर मिक्स ही घरातल्या सामानाची पावडर, कपाटं, रॅक वगैरे. उन्हात ठेवली की थोड्याच दिवसांत वरून पांढुरकी भुकटी सुटायला लागते, हात फिरवला की हाताला लागते. बाहेर ठेवायच्या वस्तूला प्युअर पॉलिएस्टर हवी, आणि बजेट असेल तर सुपर ड्युरेबल पॉलिएस्टर. दिसायला सगळ्या सारख्याच, म्हणून बॉक्सवरचं नाव बघायचं आणि बिलावर लिहून घ्यायचं.

दुसरं, पावडर मारायच्या आधी काय करतात. सेव्हन टँक प्रोसेस म्हणतात ती खरंच होते का ते जाऊन बघा. तेल काढणं, धुणं, गंज काढणं, परत धुणं, मग फॉस्फेटिंग (पावडर धरावी म्हणून केमिकलचा थर देणं), परत धुणं, शेवटी पॅसिव्हेशन (तो थर पक्का करणं). बरेच ठिकाणी टाक्या असतात पण त्यातलं केमिकल कधी बदललेलं कुणालाच आठवत नसतं, आणि काही जण तर फडक्यानं थिनर फिरवतात आणि लगेच गन धरतात. त्या कोटिंगची चकाकी पहिल्या दिवशी अगदी माझ्यासारखीच दिसेल. फरक एका पावसाळ्यानंतर कळतो. तिसरं, ओव्हन. साधारण १८० ते २०० डिग्रीला धातू तापल्यावर दहा ते वीस मिनिटं राहायला हवा, जाड पत्रा असेल तर तो तापायलाच वेळ लागतो, घाईत बाहेर काढला की कोटिंग कच्चं राहतं आणि ठिसूळ होतं.

---

कोल्हापुरी_वेल्डर

पावडरवाल्या दादांनी बरोबर सांगितलंय पण मला फॅब्रिकेशनच्या बाजूनं बोलायचंय कारण कुंडी निम्मी तिथंच बिघडते. ताई तुमच्या मागच्या कुंड्या बुडातूनच का गेल्या? कारण बूड जमिनीला टेकलेलं असणार आणि खाली वाळू ओली राहणार, आणि आत ओल्या कचऱ्याचं पाणी साचणार. दोन्हीकडून ओल. त्याला जगातला कुठलाही रंग पुरा पडत नाही. कुंडी जमिनीपासून वीतभर वर घ्या, दोन खांबांच्या मधे टांगलेली आणि उलटी करून ओतता येईल अशी केली तर आणखी चांगलं, सफाई कामगाराला पण सोपं पडतं. बुडाला एक नाही चार-पाच होल ठेवा आणि होल सगळ्यात खोलगट जागी ठेवा, नाहीतर होल असून पाणी साचतं.

कड. पत्र्याची कापलेली कड धारदार असली की पेंट असो नाहीतर पावडर, तिथं ते थरच धरत नाही, तापल्यावर पावडर वितळते ती कडेवरून मागं सरकते. म्हणून गंज कायम कडेपासून चालू होतो. वरची कड आत वळवून घ्यायला सांगा किंवा गोल बार लावायला सांगा, आणि बाकी सगळीकडं ग्राइंडर फिरवून धार मोडायची. जाळीदार होलवाल्या कुंड्या दिसायला छान पण त्यात शेकडो कडा असतात, समुद्राजवळ मी तरी त्या नाही करून देणार. वेल्डिंगचे उडालेले मणी चिपिंग करून काढलेले असले पाहिजेत, आणि सांधे टाक्याटाक्यानं नाही तर सलग भरलेले, कारण दोन टाक्यांच्या मधल्या फटीत खारं पाणी जाऊन बसतं आणि तिथं ना ब्रश पोचतो ना पावडर.

आणि जीआय पत्र्याबद्दल. जीआय पत्रा आणून कापला आणि वेल्ड केला की कापलेल्या कडेला जस्त नाही, आणि वेल्डच्या दोन्ही बाजूंचं जस्त जळून पांढरा धूर होऊन उडालेलं. तो धूर पोरांच्या छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, सगळे वेल्डर हे ओळखतात. म्हणजे ज्या जागा सगळ्यात नाजूक तिथंच संरक्षण गेलं. तिसऱ्या पर्यायात तुम्ही जीआयचे पैसे देताय पण सांध्यावर एमएसच मिळतोय.

---

किनारा_मालवण

मी स्टेनलेसबद्दल सांगतो कारण आमच्याकडे हॉटेलच्या बाहेर, जेटीजवळ सगळीकडे लोकांनी तेच लावलंय. "स्टील आयुष्यभर बघायला नको" हे समुद्रावर खरं नाही. पहिला प्रश्न विचारा की कुठलं स्टील. बाजारात स्वस्तात मिळतं ते बहुतेक २०२ असतं, त्यात निकेल कमी. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, आणि ३१६ मध्ये त्याच्या जोडीला २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत खरा फरक त्या मॉलिब्डेनममुळे पडतो. फॅब्रिकेटर चुंबक लावून दाखवेल की बघा चिकटत नाही म्हणजे चांगलं स्टील, पण २०२ ला पण चुंबक चिकटत नाही, त्यामुळे त्या टेस्टला काही अर्थ नाही. ग्रेड ओळखायचं केमिकलचं किट मिळतं किंवा पत्र्याचं टेस्ट सर्टिफिकेट मागा.

२०२ आमच्या इथं एका पावसाळ्यात तपकिरी ठिपक्यांनी भरतं, ३०४ ला पण चहाच्या डागासारखे डाग पडतात, आरपार जात नाही पण नवी वस्तू जुनाट दिसायला लागते. आणि गंमत बघा, जो भाग पावसात धुतला जातो तो चांगला राहतो, झाकणाच्या खालची बाजू, छपराखालचा भाग तिथं मीठ साचत राहतं आणि डाग तिथंच जास्त. म्हणून स्टील घेतलं तर मधून मधून गोड्या पाण्यानं धुवायलाच लागतं. अजून एक, ज्या ग्राइंडरच्या चकतीनं लोखंड घासलं तीच चकती स्टीलला लावली की लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुततात आणि तिथून गंज सुरू. छोट्या वर्कशॉपमध्ये वेगळ्या चकत्या ठेवणारे फार कमी.

आणि हे कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितो, ब्लीचिंग पावडर. पावसाळ्यात कुंडीच्या भोवती आणि आत ब्लीचिंग पावडर टाकायची पद्धत सगळ्या ग्रामपंचायतींत आहे. त्यातलं क्लोरीन स्टीलला बारीक खड्डे पाडतं आणि जस्ताला पण खातं. कुंडीच्या धातूवर ती थेट पडता कामा नये, हे टाकणाऱ्या माणसाला समजावून सांगा.

---

जस्त_आणि_मीठ

मी गॅल्व्हनायझिंग प्लांटमध्ये (लोखंडाला जस्ताचा थर देतात तिथं) नोकरी केलीय, आता रिटायर आहे. ताईंच्या चार पर्यायांत जो पाचवा यायला हवा होता तो आलेला नाही, तो म्हणजे एमएसमध्ये पूर्ण कुंडी बनवायची, सगळं वेल्डिंग, होलं, बिजागरीचे कान झाल्यानंतर अख्खी कुंडी हॉट डिप गॅल्व्हनाइज करायची, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवायची, आणि मग वर पावडर. जीआय पत्रा आणि हे, दोन्हीला लोक "गॅल्व्हनाइज"च म्हणतात पण फरक खूप आहे.

आकडे देतो म्हणजे डोक्यात बसेल. जीआय पत्र्यावर जस्त किती ते चौरस मीटरला ग्रॅममध्ये सांगतात, दोन्ही बाजू मिळून. बाजारात १२० ग्रॅमचा पत्रा मिळतो, म्हणजे एका बाजूला फक्त ८ मायक्रॉनच्या आसपास जस्त. २७५ ग्रॅमचा घेतला तर एका बाजूला साधारण २० मायक्रॉन. आणि कुंडी बनवून नंतर साडेचारशे डिग्रीच्या जस्ताच्या कढईत बुडवली की दीड मिलिमीटरपेक्षा पातळ पत्र्यावर सुद्धा सरासरी ४५ मायक्रॉन यायला हवं, दीड ते तीन मिलिमीटरमध्ये ५५. कडा, सांधे, आतला कोपरा, सगळं झाकलं जातं कारण जस्त वितळलेलं असतं आणि सगळीकडं शिरतं.

आता हवा किती खाते. हवा धातूला किती गंजवते याचं आयएसओचं (आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) एक वर्गीकरण आहे, सी-१ पासून सी-५ पर्यंत आणि त्याच्यावर अगदी टोकाचं सीएक्स. सी-३ म्हणजे मधल्या हवेत जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन जातं. सी-५ म्हणजे खारी दमट हवा, तिथं ४.२ ते ८.४ मायक्रॉन. तुमची जागा वाळूला लागून आहे म्हणजे सी-५ धरूनच चला. मग हिशोब करा, ८ मायक्रॉनचा जीआय पत्रा उघडा पडला तर वर्ष दोन वर्षांत जस्त संपलं. २० चा अडीच ते पाच वर्षं. ५५ मायक्रॉन हॉट डिप साडेसहा ते तेरा वर्षं, आणि हे नुसतं जस्त, वर काही न लावता. त्यावर चांगली पावडर असेल तर दोघांची बेरीज केली तरी त्याहून जास्त टिकतं, कारण पावडर असेपर्यंत जस्त खर्च होत नाही, आणि पावडरला ओरखडा पडला तर खालचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, त्यामुळे पापुद्र्याखालून गंज पळत नाही.

दोन तीन गोष्टी मात्र आधी ठरवा. १८ गेज पत्रा (१.२ मिलिमीटर) सपाट चौकोनी कुंडीत हॉट डिप केला की उष्णतेनं वाकडा होतो, झाकण बसत नाही. १६ गेज घ्या आणि आकार गोल ठेवा, गोलाला ताकद असते. पाइपच्या फ्रेमला दोन्ही टोकांना होल पाहिजेत, बंद पाइपमध्ये हवा किंवा पाणी अडकलं तर कढईत स्फोट होतो, प्लांटवाला तसला माल घेणारच नाही. आणि प्लांटला आधीच सांगायचं की यावर पावडर होणार आहे, म्हणजे ते शेवटी क्रोमेटचं पाणी मारणार नाहीत, ते मारलं की पावडर धरत नाही.

---

पावडरवाला_भोसरी

काकांच्या पाचव्या पर्यायाला माझा पूर्ण पाठिंबा, फक्त पावडरच्या बाजूनं एक अडचण आहे. हॉट डिप मालावर पावडर मारून ओव्हनमध्ये टाकली की जस्ताच्या थरातला वायू बाहेर येतो आणि वर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. छिद्र म्हणजे पाण्याला दार. त्यामुळे आधी नुसता माल ओव्हनमध्ये तापवून घ्यायचा, पावडरच्या तापमानापेक्षा थोडा जास्त, मग पावडर. त्याच्या आधी हलकं ब्लास्टिंग (हवेच्या दाबानं बारीक कण मारून घासणं), अगदी हलकं, जोरात केलं की जस्तच उडून जातं. जो कोटिंगवाला हे न विचारता माल ठेवून घेतो त्याच्याकडं देऊ नका.

रंगाचं पण सांगतो, हिरवा निळा ठीक आहे पण शेड नंबर ठरवून लिहून ठेवा, म्हणजे पुढं टचअपला तोच मिळेल.

---

सिंहगड_रोड_सोसायटी

आमच्या सोसायटीत एमएसवर पावडर कोटिंगच्या कुंड्या आहेत आणि इतकी वर्षं झाली तरी ठीक आहेत, फक्त पाय गंजलेत. वरचं सगळं वाचून कळलं की आमच्याकडं खारी हवा नाही म्हणून निभावलं. पण एक सांगते, वॉचमननं सुक्या कुंडीत पाला पेटवला होता आणि एका दिवसात आतलं बाहेरचं सगळं कोटिंग करपून गेलं, त्यामुळे कुंडीवर "जाळू नये" असं मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

---

वाडीतली_ताई

सगळ्यांचे खरंच मनापासून आभार, इतकं कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. पाचवा पर्याय मुंबईकर मंडळींना वाचून दाखवला, सगळ्यांना पटलाय. फॅब्रिकेटर म्हणाला की हॉट डिप रत्नागिरीत होईल का माहीत नाही, कोल्हापूर किंवा पुण्याकडं पाठवायला लागेल आणि ट्रकचं भाडं वाढेल. तरी स्टीलपेक्षा कमीच बसतंय. कुंड्या कमी केल्या तरी चालतील पण चांगल्या करू असं ठरतंय.

दोन शंका राहिल्या. एक, ओल्या कचऱ्याच्या कुंडीत आतून काय करायचं? शहाळी, नारळाच्या करवंट्या, देवळातलं निर्माल्य, माशाचं पाणी असलं सगळं पडतं. आणि दोन, जुन्या कुंड्यांपैकी काहींचे खांब आणि झाकणं बरी आहेत, त्यांना रंग मारून वापरता येतील का? पेंटर म्हणतो नवीन जीआयच्या बुडाला पण सरळ ऑइल पेंट मारतो, चालतंय का ते?

---

जस्त_आणि_मीठ

पहिल्याचं उत्तर: आत सुटी प्लास्टिकची बादली ठेवा, जाड एचडीपीईची. बाहेर धातू असल्यामुळे उन्हाचा आणि गुरांचा त्रास तिला नाही, आणि ओला कचरा धातूला लागतच नाही. हे फार महत्त्वाचं आहे कारण ओला कचरा कुजताना आंबट पाणी सुटतं आणि जस्त आंबट पाण्यात टिकत नाही, हवेच्या कितीतरी पट वेगानं जातं. तुमचं मागचं बूड बाहेरच्या वाऱ्यानं नाही, आतल्या पाण्यानं गेलं असणार. माशाचं पाणी म्हणजे वर मीठ पण आलं. बादली आणि कुंडीच्या मधे दोन बोटं जागा ठेवा, आणि बादली काढून रोज नाही तरी घंटागाडी येईल तेव्हा कुंडीच्या तळात पाण्याची बादली ओता. निर्माल्य मात्र कुंडीत घेऊच नका, देवळाच्या मागे खड्डा करून खत करा.

दुसरं: जस्तावर सरळ ऑइल पेंट अजिबात नाही. त्या पेंटमधलं तेल आणि जस्त यांचा हळूहळू साबण होतो, आणि रंगाच्या चादरी सुटून येतात. पेंटरला वाटतं जीआयला रंगच धरत नाही. आधी एच (etch) प्रायमर मारायचा, तो जस्ताला धरतो, मग त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि वरून पॉलियुरेथेनचा कोट. इपॉक्सी एकटा वर ठेवू नका, उन्हानं भुकटी होतो.

---

कोल्हापुरी_वेल्डर

जुन्या एमएसच्या झाकणांचं मी सांगतो. गंज वायर ब्रशनं खरवडून त्यावरच रेड ऑक्साइड मारला तर परत तेच होणार, गंजाच्या खड्ड्यात मीठ बसलेलं असतं आणि ते ब्रशनं निघत नाही. आधी गोड्या पाण्यानं दोन तीनदा धुवायचं, वाळवायचं, मग ब्लास्टिंग, आणि ब्लास्टिंग झाल्यावर त्याच दिवशी प्रायमर, तुमच्याकडं रात्रभर ठेवलं तर सकाळी पिवळी झाक येतेच. त्यावर झिंक रिच (जस्ताची भुकटी भरपूर असलेला) प्रायमर. पावसाळ्यात हे काम काढू नका, पत्रा हाताला कोरडा लागला तरी कोरडा नसतो. खरं सांगायचं तर ब्लास्टिंग आणि वाहतूक धरून झाकणाला जो खर्च येईल त्यात थोडे घालून नवीन झाकण होईल, खांब जाड असतील तर तेवढे वाचवा.

बोल्ट आणि बिजागरी राहिली. बिजागरीची पिन स्टेनलेसची घ्या, लोखंडी पिन गंजून फुगते आणि झाकण अडकतं, मग लोक झाकण उपटून टाकतात. मोठ्या जस्ताच्या कुंडीला छोटे स्टेनलेस बोल्ट चालतात, मधे नायलॉनचा वॉशर टाका. उलटं, स्टीलच्या कुंडीला साधे बोल्ट कधीच नाही, ते पहिले जातात.

---

किनारा_मालवण

ऑर्डर देताना कागदावर "पावडर कोटिंग" एवढंच लिहू नका. पत्रा १६ गेज, फॅब्रिकेशननंतर हॉट डिप, जस्त सरासरी ५५ मायक्रॉन, वर प्युअर पॉलिएस्टर ६० मायक्रॉन किमान, असं लिहून सही घ्या. मायक्रॉन मोजायचं छोटं यंत्र कोटिंगवाल्याकडं असतंच, त्यात गॅल्व्हनाइज झाल्यावर एकदा आणि पावडर झाल्यावर एकदा असं दोनदा मोजून घ्यायचं, नंतर मोजलं तर दोन्हीची बेरीज दिसते आणि जस्त किती आणि पावडर किती ते कळत नाही. मोजताना सपाट मधल्या जागेवर नाही, वरच्या कडेजवळ आणि बुडाच्या कोपऱ्यात पण मोजा. सगळा माल पाठवायच्या आधी एकच कुंडी पूर्ण करून आणा, झाकण बसतंय का, पाणी ओतलं तर सगळं होलातून जातंय का बघा, आणि मग बाकीच्यांना हो म्हणा.